वर्ण : प्रत्यक्ष पाहून

चिंचपोकळी स्टेशनचा पूल उतरून डाव्या हाताला वळलं की जी तीनमजली चाळ लागते, तिच्या दुसऱ्या मजल्यावर सातकोंड पंचक्रोशी मंडळाची खोली आहे. एके काळी गावाहून गिरणीत कामाला आलेले बाप्ये तिथे ओळीने वळकट्या टाकून झोपायचे. आता गिरण्या नाहीत नि वळकट्याही नाहीत. एक टेबल, दहा-बारा खुर्च्या, दोन कपाटं आणि दर रविवारी सकाळी भरणारा वधू-वर सूचक विभाग, एवढंच उरलंय. या विभागाचे कार्यवाह नाना परब. पोस्टात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, अक्षर असं की बघत राहावं. आणि ख्याती एकच, नाना खोटं लिहीत नाहीत. मुलाची नोकरी असो की आधी मोडलेलं लग्न, नाना स्वतः जाऊन खात्री करणार आणि मगच फॉर्मवर शिक्का उठवणार. "नानांनी लिहिलंय ना? मग झालं," असं म्हणून लोक पुढच्या बोलण्यांना लागत.

आता त्या फॉर्मबद्दल सांगायला हवं. मुलींचा फॉर्म गुलाबी, मुलांचा पांढरा. गुलाबी फॉर्मवर उंची आणि शिक्षण यांच्या मध्ये एक रकाना होता, 'वर्ण'. त्याखाली बारीक टायपात छापलेलं, 'मंडळाने प्रत्यक्ष पाहून भरावा'. पांढऱ्या फॉर्मवर हा रकानाच नव्हता. का नव्हता, हे एकोणीस वर्षांत एकाही शहाण्याने विचारलं नाही. नाना स्वतः चांगले काळे कुळकुळीत, पण त्यांना गोरीपान नलू मिळाली होती आणि हे ते अजूनही चारचौघांत हसून सांगत.

हा रकाना मंडळाने भरायचा, ही सूचना नानांचीच. झालं होतं असं, की एकोणीस वर्षांपूर्वी एका घराने मुलीच्या फॉर्मवर 'गोरी' लिहिलं, मुलाकडचे बघायला आले आणि "फसवलंत आम्हाला" म्हणून पोह्यांच्या बशा तशाच ठेवून उठून गेले. मोठी रणधुमाळी झाली. तेव्हा नाना बैठकीत म्हणाले, "घरचे लिहिणार म्हणजे आपला तो बाब्या. रंग आपण लिहू. त्रयस्थाने लिहिलं की तक्रारीला जागा नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुधारणा म्हणून वाजवल्या, हे विशेष.

तर नोव्हेंबरअखेरच्या त्या रविवारीही नेहमीसारखंच चाललं होतं. श्रेया नावाची चोवीस वर्षांची मुलगी वडिलांबरोबर आली होती. नानांनी पत्रिका पाहिली, शिक्षणाची कागदपत्रं पाहिली, मग पेनचं टोपण काढून उठले. "ये गं बाळ, जरा गॅलरीत ये. ट्यूबलाइट खोटं बोलते."

हे वाक्य सगळ्या पंचक्रोशीला पाठ होतं. गॅलरीत पूर्वेचं ऊन यायचं. श्रेया कठड्याला टेकून उभी राहिली. नानांनी चष्मा पुसला, तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग म्हणाले, "हात पालथा कर. आता उताणा." शेजारच्या खोलीतली बाई दोरीवर कपडे टाकत होती, ती हातातला टॉवेल तसाच धरून बघत राहिली. समोरच्या चाळीतूनही कुणी बघत होतं. नानांचे शब्द चारच, गोरा, निमगोरा, गव्हाळ आणि सावळा. 'काळा' हा शब्द ते कधीच लिहीत नसत, आणि हा आपला मोठेपणा आहे असं त्यांना मनापासून वाटे.

"गव्हाळ," नाना म्हणाले. श्रेयाच्या वडिलांनी सुटकेचा श्वास सोडला. श्रेया खाली रस्त्याकडे बघत होती. नानांचं तिच्याकडे लक्षही नव्हतं, ते लिहीत होते.

दुपारी नाना लालबागच्या घरी जेवायला बसले. ताटात सोलकढी होती, सुरमई होती, पण वाढणाऱ्या नलूबाईंचं तोंड फुगलेलं. नानांनी ओळखलं. गेले चौदा महिने हे तोंड दर रविवारी असंच फुगत होतं.

"आज कोणाचा फोन? आपल्या मानशीसाठी?"

"नाही." नलूबाईंनी वाटी ताटात आपटली.

"येणार तरी कसा?" त्या म्हणाल्या, "तुम्हीच तर वाट लावून ठेवलीत."

मानसी त्यांची एकुलती एक. दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. हुशार, सडसडीत, बोलकी. गालावर जुन्या मुरमांचे चार डाग होते आणि रंग बापाचा. चौदा महिन्यांपूर्वी तिचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मंडळाचा तरुण सभासद विकास राणे म्हणाला होता, "नाना, घरचीच मुलगी, लिहा गव्हाळ, कोण विचारतंय!" नानांना ते झोंबलं. त्यांनी मानसीला सगळ्यांदेखत गॅलरीत नेलं, चष्मा पुसला, हात पालथा-उताणा करायला लावला, आणि पोटच्या पोरीच्या फॉर्मवर लिहिलं, 'सावळा'. खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. "नाना म्हणजे नाना!" विकास म्हणाला. नानांची छाती तेव्हा फुगली होती, हे लपवू कशाला?

"मी खोटं लिहायचं होतं का?" नाना आता भाताचा घास कालवत म्हणाले.

"खोटं नको. पण आता खरंच बदललाय तिचा रंग. बघा तरी डोळे उघडून!" नलूबाईंनी आतल्या खोलीकडे हाक टाकली, "मानशी गो, हयसर ये."

मानसी आली. नानांनी पाहिलं तर गालावरचे डाग खरंच फिकट झाले होते, चेहरा तुकतुकीत दिसत होता. मग उलगडा झाला. गणेश टॉकीजच्या मागे प्रितीचं पार्लर आहे, तिथे दोन वेळा पील करून घेतलं होतं. चेहऱ्याला औषध लावायचं, चार दिवसांत वरची कातडी पापुद्र्यासारखी सुटते, खालची नवी दिसते. प्रितीने सांगितलं होतं, सहा बैठकांत दोन शेड उजळेल. बैठकांमध्ये तीन-तीन आठवड्यांचं अंतर हवं.

"मग फॉर्मवरचं बदला ना," नलूबाई म्हणाल्या. "नवीन परिचय पुस्तिका छापायला जातेय ना डिसेंबरात?"

नानांनी हात धुतले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "नियम आहे. फेरपाहणीचा अर्ज कुणीही करू शकतं. डिसेंबरचा तिसरा रविवार शेवटची तारीख. खरोखर फरक पडला असेल तर मी लिहीन. माझ्या मुलीला वेगळा कायदा नाही."

मानसीने त्यांच्याकडे बघितलं. "नक्की लिहाल, बाबा?"

"प्रत्यक्ष पाहून," नाना म्हणाले. त्यांना वाटलं, आपण किती न्यायाने वागतोय!

डिसेंबरात नाना गावी गेले. घराची कौलं चाळायची, फुटकी काढून नवी बसवायची होती, दहा दिवस लागले. परत येताना गाडी उशिरा सुटली आणि नाना उतरले ते तिसऱ्या रविवारी सकाळी. शेवटची तारीख म्हणून घरी न जाता बॅग घेऊन तसेच मंडळात गेले. खोली गच्च भरली होती. विकास फॉर्म लावत होता, चार-पाच घरं खोळंबून बसली होती. नाना तोंडावर पाणी मारून खुर्चीत बसले न बसले तोच दारात मानसी उभी राहिली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, फक्त डोळे दिसत होते. मागे नलूबाई धापा टाकत, "मानशी, ऐक माझं, घरी चल गो, बाय माझी," असं म्हणत होत्या.

"बाबा, माझी फेरपाहणी आहे ना आज?"

नानांना जरा कौतुकच वाटलं. "हो, नंबर लावून बस. आधी या मंडळींचं..."

"नाही. आत्ता. चला गॅलरीत."

ती स्वतःच बाहेर गेली, त्याच जागी, कठड्याला टेकून उभी राहिली आणि तिने ओढणी सोडली.

खोलीतल्या कुणीतरी "अगो आये!" केलं. दोन्ही गालांच्या हाडांवर आणि वरच्या ओठाच्या वर काळपट-तपकिरी खपल्या धरल्या होत्या. मधेमधे कातडी उघडी, गुलाबी, ओली. डाव्या डोळ्याखाली सूज आली होती.

"लिहा, बाबा."

"मानशी... हे काय झालं?"

"आधी लिहा. उन्हात आहे मी. हात पालथा करू? उताणा करू?" तिने हात पुढे केला. "चार शब्द आहेत ना तुमच्याकडे? यातला कुठला ते सांगा. सगळ्यांना कळू दे."

नानांच्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला त्यांच्या मनात पहिला विचार आला तो लेकीच्या वेदनेचा नव्हता. 'लोक बघतायत' हा होता. शेजारची बाई दारात होती, समोरच्या चाळीतही दोघे-तिघे कठड्याशी आले होते. नानांना वाटलं, हिला आधी आत घ्यावं, दार लावावं. मग त्यांच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत इथे उभ्या केलेल्या एकाही पोरीसाठी आपल्याला दार लावावंसं वाटलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. विकासने पुढे होऊन मानसीला खुर्ची दिली, ती बसली नाही.

घरी जाताना टॅक्सीत सगळं कळलं. तारीख जवळ आली आणि अजून एकच बैठक बसत होती. नलूबाई प्रितीकडे गेल्या. "बाय, तिसऱ्या रविवारच्या आत दिसायला हवं काहीतरी." प्रितीने आठ दिवसांच्या अंतराने दोन बैठका घेतल्या, आणि दुसऱ्या वेळी कडक औषध लावलं. चेहरा पांढरा फटक पडला, मग आग आग झाली. मानसी ओरडत होती आणि प्रिती मोबाइलवरची वेळ बघत म्हणत होती, "अजून एक मिनिट ताई, एकच मिनिट." गावी फोन केला नाही, कारण नाना रागावतील.

दुसऱ्या दिवशी तिघे परळच्या मोठ्या इस्पितळात गेले. त्वचेच्या ओपीडीत चाळिशीची एक डॉक्टरीण होती, कडक पण मायाळू. तिने मानसीचा चेहरा भिंगातून बघितला, काही जागी ओला कापूस टेकवला. मग केसपेपर पुढे ओढला.

"पील कशासाठी केलं होतं? तक्रार काय होती?"

नलूबाईंनी पदर सावरला.

"मुरमं? वांग? काही आजार?"

"डाग होते थोडे," नलूबाई पुटपुटल्या.

"दोन बैठकांत डाग गेले होते, असं ही म्हणते. मग पुढच्या दोन कशासाठी?"

नाना खालच्या आवाजात म्हणाले, "रंगासाठी."

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं. "काका, पील वाईट नाही. मी स्वतः रोज करते. डागांसाठी, वांगासाठी करते, आधी कातडी तपासून, सौम्य औषधापासून सुरुवात करून. पण सावळा रंग हा आजार नाही, त्यामुळे त्याला औषधही नाही. उलट आपल्या कातडीवर कडक औषध लावलं की असं होतं, भाजतं, आणि मग आधी होते त्याहून काळे डाग पडतात. तुमची मुलगी धडधाकट होती. तुम्ही उपचार नक्की कशावर केलात?"

नानांनी पोस्टात साहेबांची बोलणी खाल्ली होती, युनियनच्या मोर्च्यात लाठी खाल्ली होती. पण असं तोंडात मारल्यासारखं त्यांना कधी झालं नव्हतं. बरं व्हायला वर्ष लागेल, कदाचित दोन, आणि ओठावरचा डाग राहीलच असं धरून चाला, असं डॉक्टरिणीने सांगितलं. रोज मलम, उन्हापासून जपायचं, आरशात सारखं बघायचं नाही. शेवटचं ऐकून मानसी कशीनुशी हसली.

बाहेर येताच नलूबाई प्रितीच्या नावाने बोटं मोडू लागल्या. संध्याकाळी पार्लरच्या दारात जाऊन त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला, नानांनाही बरोबर नेलं. प्रिती आधी भांडली, मग रडायला लागली. "काकी, माझी चूक आहे, मी कुठे नाही म्हणतेय? मला डॉक्टरकीतलं काय कळतं, बाटलीवर लिहिलेलं वाचून लावते मी. पण तीन आठवडे थांबा म्हटलं होतं ना मी? तुम्हीच म्हणालात, तारीख आहे, तारीख आहे!"

नलूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. तारीख कुणाची होती, हे तिघांनाही माहीत होतं. नाना खाली मान घालून पायऱ्या उतरले. जाता जाता एवढंच म्हणाले, "पोरी, ती बाटली परत कुणाला लावू नको." प्रितीने मान डोलावली. तिने ऐकलं की नाही, देव जाणे.

त्या आठवड्यात मानसी घरात बसून होती. नाना तिच्याभोवती घुटमळत, मलम आणून देत, खिडकीचा पडदा ओढत. एका दुपारी धीर करून म्हणाले, "मानशी, लग्नासाठी एवढं करायचं होतं का गं? तू शिकलेली."

"लग्नासाठी?" मानसीने पेन्सिल खाली ठेवली. ती घरूनच ऑफिसचं काम करत होती. "लग्नाची घाई आईला होती. बाबा, लहानपणी तुम्ही माझ्या वह्यांवर नाव घालून द्यायचात ना, मी वर्गात सगळ्यांना दाखवायचे. माझ्या बाबांचं अक्षर! त्याच अक्षरात तुम्ही माझ्याबद्दल तो शब्द लिहिलात. तो शब्द वाईट नाही हो. मी सावळीच आहे. पण तुम्ही तो उणीव म्हणून लिहिलात, आणि लिहिताना तुम्हाला अभिमान वाटत होता. मी बघत होते तुमच्याकडे. मला तो तुमच्याच हाताने खोडून हवा होता. बाकी कुणाचं मला काय पडलंय?"

नानांना रडू फुटलं. बासष्ट वर्षांचा बाप्या लेकीसमोर हमसून हमसून रडला. "मला माफ कर," असं काहीतरी ते म्हणाले.

"मला नका सांगू," मानसी म्हणाली. "सावळी म्हणालात ते चारचौघांत म्हणालात. माफी घरात कशाला?"

पुढच्या रविवारी नानांनी मंडळाच्या बैठकीत तोंड उघडलं. पुस्तिका अजून छापखान्यात गेली नव्हती. अठरा-वीस माणसं होती. नाना उभे राहिले, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाले, "मी सुधारणा म्हणून जे आणलं, ते बाजारात गुरं बघतात तसं होतं. गुरांचे निदान दात बघतात, मी कातडी बघितली. हा रकाना काढा. या वर्षीच्या पुस्तिकेतूनच काढा."

मग विकास समजुतीच्या सुरात म्हणाला, "नाना, तुमच्या घरी जे झालं ते वाईटच झालं. पण रकाना काढून काय होणार? लोक फोनवर विचारतील. फोटो फिल्टर लावून पाठवतील. पुन्हा फसवाफसवी, पुन्हा भांडणं. तुमच्यासारखा खरं सांगणारा माणूस आहे म्हणून तर मंडळावर विश्वास आहे. या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू."

"बरोबर आहे," दोघे-तिघे म्हणाले. "आमचं काही नाही हो, मुलाकडचे विचारतात." आणि गंमत बघा, असं म्हणणाऱ्यांत निम्मे मुलाकडचेच होते!

एक आई मुलीला घेऊन सकाळपासून थांबली होती. बैठक उठत आलेली बघून तिने मुलीला पुढे ढकललं. "नाना, ते तुमचं होत राहील. हिचा तेवढा एक फॉर्म भरून द्या ना. आत्ता ऊन चांगलं आहे."

मुलगी अवघी बावीस वर्षांची. ती आपण होऊन गॅलरीकडे वळलीसुद्धा.

"नाही," नाना म्हणाले. "मी बघणार नाही."

"अहो, पण..."

"बाळ, तू बस. तुझं शिक्षण सांग, तुला काय आवडतं ते सांग, मी कोऱ्या कागदावर लिहितो. तो रकाना माझ्या हाताने पुन्हा भरला जाणार नाही. दुसरा कुणी भरणार असेल तर त्याने माझी खुर्ची घ्यावी." आणि खिशातून कपाटाच्या किल्ल्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. थोडा वेळ कुणी हात लावला नाही. मग विकासने, दुसऱ्या कुणाकडे न बघता, त्या उचलल्या.

घरी येऊन नानांनी हे मानसीला सांगितलं. कुठेतरी त्यांना वाटत होतं, आता पोरगी म्हणेल, शाब्बास बाबा. मानसीने ऐकून घेतलं.

"चांगलं केलंत," ती म्हणाली. "आणि आधीच्या?"

"कोण आधीच्या?"

"ज्यांना उभं केलंत त्या. एकोणीस वर्षं."

नाना रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी उठून त्यांनी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि वरळीची बस पकडली.

तो रकाना त्यांनी भरलेला पहिला फॉर्म दुर्गा गावकरचा होता, हे त्यांना चांगलं आठवत होतं. नियम नवा होता, पेन नवं होतं. दुर्गा तेव्हा पंचविशीची, एका दवाखान्यात परिचारिका. तिच्या फॉर्मवर त्यांनी 'सावळा' लिहिलं होतं, शिवाय ठळक दिसावं म्हणून खाली रेघ मारली होती. पुढे तिचं लग्न जमलं नाही. वडील वारले, भावाचा संसार विरारला गेला, ती आईला घेऊन राहिली. बीडीडी चाळीतली खोली जाऊन त्यांना नव्या इमारतीत बाविसाव्या मजल्यावर घर मिळालं होतं.

दार दुर्गानेच उघडलं. केस पांढरे व्हायला लागलेले, रात्रपाळी करून आल्याने डोळे लाल. तिने नानांना लगेच ओळखलं.

"नाना? या ना, बसा."

नाना बसले नाहीत. उंबरठ्याच्या आत उभे राहूनच त्यांनी सांगायला सुरुवात केली. वाटेत जुळवलेली वाक्यं निम्म्यावर तुटली. मानसीचं सांगितलं, गॅलरीचं सांगितलं, खालच्या रेघेचंसुद्धा सांगितलं. दुर्गा भिंतीला टेकून ऐकत होती.

"रेघ मला माहीत नव्हती," ती म्हणाली. "नाना, मला रंगावरून बोलणारे खूप भेटले. बायका, शेजारीपाजारी, मामाचे लोक. बाबा म्हणायचे, लक्ष देऊ नको, लोकांना काय कळतं! मलाही ते पटायचं. पण त्या रविवारी आम्ही तुमच्याकडून घरी आलो आणि बाबा आईला म्हणाले, 'नानांनी लिहिलंय. नाना खोटं लिहीत नाहीत.' त्या दिवसापासून घरात कुणी 'लक्ष देऊ नको' म्हणालं नाही."

नानांनी हात जोडले. ते हात खाली घ्यायचं त्यांना सुचेना.

"मी ठीक आहे, नाना. नोकरी आहे, माणसं आहेत. माझ्यासाठी तुम्ही रडू नका." दुर्गाने आतल्या खोलीकडे बघितलं. "पण आई आत आहे. अंथरुणावर आहे दोन वर्षं. ती अजून रोज देवाला विचारते, ही पोटात असताना मी काय खाल्लं म्हणून अशी झाली. तिला सांगा. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल. तुम्ही खोटं बोलत नाही ना!"

नाना आत गेले. पलंगावर मुठीएवढी म्हातारी होती. नाना गुडघे टेकून तिच्या उशाशी बसले.

"वहिनी, मी परब. मंडळातला."

"नानानू?" म्हातारी चटकन सावरून बसायला गेली. मान देण्यासाठी डोक्यावर पदर ओढायला लागली.

"वहिनी, राहू द्या. मी सांगायला आलोय. तुमच्या दुर्गात काही कमी नव्हतं. तुम्ही काही खाल्लं नव्हतंत. चूक माझी होती. मी लिहिलं ते चूक होतं."

म्हातारीने त्यांचा हात धरला. तिची बोटं गार होती. दारात दुर्गा तोंडाला पदर लावून उभी होती.

"मगे इतकी वर्सां तुमी खंय होतास?" म्हातारीने विचारलं.

इतकी वर्षं कुठे होता, या विचारण्यात राग नव्हता. राग असता तर नानांनी तो खाली मान घालून झेलला असता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. नाना तिचा हात धरून तिथेच बसून राहिले. वाचकहो, आपल्याही घराण्यात कुठल्यातरी मुलीचा रंग कधीतरी कुणीतरी सांगितलाच असेल, आणि आपण तिथेच बसून पोहे खात असू. त्या मुलीच्या आईने उद्या हेच विचारलं, तर आपण तरी काय सांगणार आहोत?